ट्रामवाली

"हा टीव्ही परत घेऊन जा म्हणावं," ट्रामवाली दाराकडे बोट दाखवत म्हणाली. "माझ्याकडे एक आहे. आणि भिंतही एकच आहे."

खोका छातीशी धरून उभ्या असलेल्या ड्रायव्हरने तिच्याकडे पाहुण्या आलेल्या माईंकडे पाहिलं. खोका माईंच्या मुलाने पाठवला होता, सोबत निरोपही: मीटिंग लांबली, येणं जमणार नाही.

ट्रामवालीने टेबलावर मांडलेल्या तीन कपांपैकी एक उचलला आणि कपाटात ठेवून दिला. ते बघून माई ताडकन उठल्या.

"थांब रे," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या. "मी येतेय."

या परक्या देशाच्या राजधानीची भाषा माई मोडकीतोडकीच बोलत, पण ठणकावून. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, त्यामुळे समोरच्याला ऐकू गेलं नाही असं कधी झालंच नाही. लग्नानंतर त्यांच्या नवऱ्याला कापड गिरणीतल्या मागांची जुळणी करायला इथे पाठवलं होतं. तेव्हा दुकानांच्या काचांमागे नुसत्या रिकाम्या फळ्या असत. साबण आला की गल्लीभर बोभाटा व्हायचा. आता त्याच रस्त्यावर चारचार मजली दुकानं झगमगत होती आणि त्यांच्या मुलाची कंपनी तिथे फ्रिज विकायला आली होती. या खेपेला त्याच्यासोबत आल्याआल्या माईंनी स्वतःसाठी लाल बूट घेतले होते.

"तेव्हा सगळं किती साधं असेल ना, आई?" मुलाने गाडीत विचारलं होतं.

"साधं कसलं डोंबलाचं! तू भुकेने रडून निळा पडायचास. हे झालं ते झकास झालं."

बाळंतपणात माईंना ताप भरला आणि दूध आलंच नाही. बाजारात दूध नव्हतं. समोरच्या दारात राहणारी, ट्राम चालवणारी ही बाई एका संध्याकाळी आली आणि तिने नुसते हात पुढे केले. बोलायला दोघींची भाषा एक नव्हती. बाळ बसायला लागेपर्यंत ती रोज येऊन त्याला पाजत राहिली.

"मीही येते," ट्रामवाली आता म्हणाली आणि तिने डोक्याला रुमाल बांधला.

मुलाच्या ऑफिसच्या उंच काचेच्या इमारतीत तिला खाली दारालगतच्या सोफ्यावर बसवून माई लिफ्टने वर गेल्या. रिसेप्शनवरची मुलगी आडवी आली. "आत मीटिंग चालू आहे, मॅडम."

"चालू दे की. मला फक्त त्यातला एक माणूस हवाय."

दार उघडलं तशी लांबलचक टेबलाभोवतीची सगळी डोकी वळली. मुलगा अर्धवट उठला. "आई! काय झालं?"

"काही नाही झालं. चल."

"दहा मिनिटं दे ना. टीव्ही पोचला नाही का?"

"पोचला. तिला टीव्ही नकोय रे. तिला तू हवायस."

"उद्या नक्की जाऊ. इथे लोक बसलेत, आई..."

"तिची मुलगी जन्मून आठवड्यात गेली होती," माई म्हणाल्या. आवाज आपोआप खाली आला होता. "आज तुझ्याएवढी असती. तेवढं मूल मोठं होऊन कसं दिसतं, ते बघायचंय तिला."

मुलगा पुरता उठून उभा राहिला. "हे तू कधीच बोलली नाहीस."

"तिने दूध पाजलं, हे शंभरदा सांगितलं. ते तिला कुठून आलं, हे तू विचारलं नाहीस."

त्याने पेनाला टोपण लावलं, टेबलाभोवतीच्या लोकांना दोन शब्द सांगितले आणि खुर्चीवरचा कोट उचलला.

लिफ्टमध्ये तो त्या भाषेतलं एक वाक्य पुटपुटत घोकत होता. खाली दार उघडलं. ट्रामवाली सोफ्यावरून उठली, पण पुढे आली नाही. तोच तिच्याकडे गेला. जवळ गेल्यावर वाक्य काही आठवेना, "मी..." एवढंच म्हणून तो अडखळला.

ती त्याच्या छातीपर्यंतच पोचत होती. मान वर करून तिने त्याचं कपाळ, कान, दाढीतला पांढरा केस, सगळं सावकाश पाहून घेतलं. मग काहीतरी म्हणत त्याच्या कोटाचं खालचं बटण हातात घेतलं.

"काय म्हणतायत?" त्याने हलक्या आवाजात विचारलं.

"बाहेर गार आहे म्हणतेय," माई म्हणाल्या.

रखवालदाराने त्यांच्यासाठी दार उघडून धरलं होतं. थंड वारा सरळ आत येत होता, मागे माणसं खोळंबली होती, आणि ट्रामवाली एकेक बटण लावत वर गळ्यापर्यंत चालली होती.