अनंताबाबतचे परिपत्रक

साहेब निवृत्त झाले, पण ही गोष्ट साहेबांना कुणी सांगितलीच नव्हती. कॉलनीच्या उद्यान समितीचं अध्यक्षपद त्यांनी स्वतःच स्वतःला बहाल केलं आणि हाताखाली माणूस सापडेना, म्हणून झाडांना धरलं. सगळ्यात जास्त जाच अंगणातल्या अनंताला. दर दोन महिन्यांनी साहेब फुटपट्टी घेऊन उकिडवे बसत, झाड बरोबर अडीच फुटांवर कापत आणि वर सुताराची लेव्हल-पट्टी ठेवून बुडबुडा मधोमध येतो का ते बघत.

झाडही बिचारं शिस्तीत राहिलं. नऊ वर्षांत एक फूल म्हणून आलं नाही.

त्यांच्या बायकोचा, म्हणजे सगळ्या कॉलनीच्या वहिनींचा, जीव नुसता तुटायचा. अनंत त्यांच्या माहेरचा. आई गेली, घर विकलं, तेव्हा एवढी एक फांदी त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. डोळे मिटायच्या आधी एकदा तो वास घरात यावा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

"वहिनी, कळ्या शेंड्यांना धरतात," रोपं विकणारा माळी म्हणाला. "शेंडेच उडवल्यावर फूल काय मुळाला येणार? फुलून गेल्यावर छाटा की!"

"आता माळी मला अक्कल शिकवणार?" साहेब कडाडले. "तीस वर्षं खातं सांभाळलंय मी!"

खात्यात तरी काय दिवे लावले होते, हे वहिनींच्या अगदी ओठांवर आलं होतं.

समितीच्या सूचना वहिनींच्याच अक्षरात निघत. साहेब फक्त सही करत. वाचणं हे हाताखालच्यांचं काम. एका सकाळी वहिनींनी पाच कागदांत सहावा सरकवला: 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, फुले येऊन जाईपर्यंत अनंतास कोणीही कात्री लावू नये. कसूर केल्यास गंभीर दखल घेतली जाईल.' चहाचा घोट घेत साहेबांनी सहाही सह्या झोकात ठोकल्या. वहिनींनी तो लगेच कॉलनीच्या सूचना फलकावर लावून टाकला.

आठवड्याने साहेब कात्री घेऊन निघाले, तर शेजारचा वकील आडवा आला. "साहेब, परिपत्रक!"

साहेबांनी फलक वाचला. खालची सही आपलीच. आता, न वाचता सही केली म्हणायचं की स्वतःचा आदेश मोडायचा? दोन्हींपेक्षा मरण बरं!

"तुमचं लक्ष आहे का बघत होतो," म्हणाले आणि मुकाट घरी परतले.

अनंत वाढला, हवा तसा पसरला आणि एका सकाळी पांढराशुभ्र फुलला. वहिनींनी फुलात नाक खुपसलं आणि लहान मुलीसारख्या हमसून हमसून रडल्या.

बाहेर साहेब चार लोकांना सांगत होते, "याला दूरदृष्टी लागते. आमची ही तर रोज मागे लागायची, छाटा, छाटा म्हणून! बायकांना काय कळतंय झाडातलं?"

वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डोळे पुसून त्या आत गेल्या आणि दहा मिनिटांत कागद घेऊन आल्या.

"अहो, एवढी सही."

'प्रकृती साथ देत नसल्याने मी अध्यक्षपद व बागेची कात्री माझ्या पत्नीकडे सोपवीत आहे.' साहेबांनी लोकांशी बोलता बोलता सही ठोकली.

"चहा टाक गं सगळ्यांना," ते म्हणाले.

"तुम्हीच टाका," कागद फलकाकडे नेत वहिनी म्हणाल्या. "मला समितीची कामं आहेत."