कोऱ्या तारखेचा राजीनामा

“काकू, हा अंगठा तुमचाच ना?” सरपंच शेखरने ग्रामपंचायतीच्या टेबलावर कागद सरकवला.

कमळाबाईने चष्मा सावरला. दोन वर्षांपूर्वी ती बिनविरोध मेंबर झाली, तेव्हाच मारुतीसमोर ठरलं होतं, अडीच वर्षांनी तिने जागा सोडायची. त्याच दिवशी राजीनाम्यावर तिचा अंगठा घेऊन ठेवला होता. तारखेची जागा कोरी होती. तेव्हा तिला अक्षर ओळखता येत नव्हतं.

“अंगठा माझा हाय. तारीख माझी नाय.”

“दिवाळी झाली, आता कशाला ताणायचं? आमच्या घरातली पूजा त्या जागेवर निवडणुकीला उभी राहायची हाय.”

“आज दिला तर मतदान कधी?”

“लागंल दोन-तीन महिन्यांत.”

तेव्हा तर कमळाबाईची सगळी वाडी मजुरीला, पिंपळगावकडे द्राक्षं उतरवायला गेलेली असणार. मागे म्हातारी माणसं आणि कोंबड्या. वाडीची भागीबाई उभी राहणार होती, ती कोणाच्या मतांवर? नळाचा पाइप ओढ्यापर्यंत आला होता. पुढे वाडीत नेला तर तीच नेणार.

“शब्द अडीच वर्षांचा. शिमग्याला भरत्यात,” कमळाबाई म्हणाली. “जागा सोडीन म्हणले होते. वाडीची मतं सोडीन असं नव्हते म्हणले.”

“अक्षरं शिकल्यापासून लय वकील झालात!”

“तुझ्याच शाळेत शिकले, बाबा. रात्रवर्गाचा नारळ तूच फोडला.”

ग्रामसेवक भाऊसाहेब खाली मान घालून हसले. मग कागद शेखरकडे परत सरकवत म्हणाले, “सरपंच, बाई दीड वर्षापासून सही करतात. आज मी अंगठा कसा चालवू?”

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी कमळाबाई आपणहून आली. राजीनामा तिने स्वतः लिहिला होता. ‘जी’ची वेलांटी जरा ओळीबाहेर गेली होती. तारीख मात्र ठसठशीत होती. शेखरने कागद घेतला.

बाहेर पिकअपमधून वाडीची माणसं गाठोडी घेऊन उतरत होती. भागीबाईने लांबूनच विचारलं, “दिलास गं?”

“दिला.”

“मंग आता तू कोण?”

“मतदार,” कमळाबाई म्हणाली, आणि दोघी हसल्या.

घरी जाताना ती ओढ्यापाशी थांबली. पाइपाच्या उघड्या तोंडात कोंबलेली चिंधी सैल झाली होती. आत माती जायला नको म्हणून तिने ती अंगठ्याने दाबून घट्ट बसवली.