कर्ण्यांच्या सणाचा पडदा

काकूंनी मोतीबिंदूचं ऑपरेशन परस्पर रद्द केलं, हे कळल्यावर त्यांच्या लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

लेक म्हणजे छकू. नाव राहिलं लहानपणचं, पण बाई चाळिशी ओलांडलेली, अँब्युलन्स चालवणारी. तिच्या आवाजाने भर रस्त्यातला ट्रक बाजूला होत असे. तो आवाज त्या दिवशी काकूंच्या दुकानात घुमला.

"अगं आई, तारीख मिळवायला मी किती खेटे घातले! आणि तू फोन करून सरळ नको म्हणालीस?"

"गरजच नाही ना आता," काकू शांतपणे म्हणाल्या. "नवं शरीर मिळणार आहे. डोळ्यांसकट."

काकू पडदे शिवायच्या. नवरा होता तोवर तो मापं घ्यायचा, दांड्या बसवायचा आणि काकू मशीनवर. दोघांनी मिळून गावातल्या कितीतरी खिडक्या सजवल्या होत्या. तो गेल्यावर काकू एकट्या पडल्या, आणि मग डोळ्यांपुढे साय धरल्यासारखं दिसू लागलं. अशा दिवसांत त्यांच्या ख्रिस्ती मंडळीत नवे पाळक, म्हणजे धर्मगुरू, आले. माणूस बोलायला गोड आणि मनाने खरा. त्यांनी फळ्यावर यहुदी लोकांचे सण एका ओळीत मांडून दाखवले. वल्हांडणाला प्रभूने प्राण दिला, प्रथमफळाच्या दिवशी तो उठला, पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्मा उतरला. म्हणजे वसंतातले सगळे सण पुरे झाले. उरले ते शरदातले, आणि त्यांतला पहिला कर्ण्यांचा. यंदा त्याच सणाला कर्णा वाजेल आणि प्रभू आपल्या माणसांना नवं शरीर देऊन न्यायला येईल, अशी पाळकांची खात्री होती.

"तो दिवस कुणालाच कळणार नाही, असं मला लहानपणी तूच शिकवलंस ना?" छकूने विचारलं.

"तेच तर! हा सण चंद्राची कोर दिसल्यावर धरायचा. कोर आज दिसेल की उद्या, हे पूर्वी कुणालाच आधी ठाऊक नसायचं. म्हणजे हाच तो सण, नाही का?"

छकूने कपाळावर हात मारला आणि किल्ली उचलून निघून गेली.

काकूंनी मात्र नव्या ऑर्डरी घेणं बंद केलं. कापडाचे तागे शेजारच्या शिवणवर्गाला देऊन टाकले. त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं होतं, की गिऱ्हाइकं विचारायची, काकू, कुठे फिरायला निघालात की काय?

दुकानाला लागूनच चष्मेवाल्यांचं दुकान. चष्मेवाले यहुदी, वयाने काकूंपेक्षा बरेच मोठे. इतकी वर्षं शेजार होता, पण बोलणं हवापाण्यापलीकडे कधी गेलं नव्हतं. एका सकाळी काकू त्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"काका, तुमचा कर्ण्यांचा, शिंग फुंकायचा सण नेमका कधी? म्हणजे फुंकतात किती वाजता?"

चष्मेवाल्यांनी हातातली काच खाली ठेवली. "सकाळच्या प्रार्थनेत. का हो?"

काकूंनी सगळं सांगितलं. हसतील म्हणून जीव धास्तावला होता, पण ते हसले नाहीत. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं.

"आम्हीही वाट बघतोच आहोत," ते म्हणाले. "कोण येणार यावर तुमचं-आमचं जमायचं नाही, ते राहू द्या. पण त्या दिवशी आमचं मागणं अगदी लहान असतं. आणखी एक वर्ष दे, एवढंच. पुढे प्रायश्चित्ताचा दिवस येतो. तोवर ज्यांना दुखावलं त्यांच्या दारी जायचं आणि माफी मागायची. देवाच्या माफीआधी माणसाची."

मग त्यांनी जरा चाचरतच एक गाठोडं काढलं. त्यांच्या प्रार्थनागृहात धर्मग्रंथाच्या पवित्र गुंडाळ्यांचं कपाट होतं, त्यापुढे पडदा असे. एरवी लाल, या दिवसांत पांढरा. पांढऱ्याला ओल लागून खालची कड पार कुजली होती.

"तुम्ही काम बंद केलंय, ठाऊक आहे मला. पण विचारून बघतो."

काकूंनी कापड हातात घेतलं. जड, जुनं रेशीम. कर्णा वाजेल तेव्हा हाच पडदा समोर असणार, या विचाराने त्यांच्या अंगावर काटा आला. "द्या इकडे," त्या म्हणाल्या.

घेतलं खरं, पण घरी बसल्यावर तोंडचं पाणी पळालं. पांढऱ्या कापडावर पांढरा दोरा! हाताला सगळं कळत होतं, डोळ्यांना काही दिसत नव्हतं. दोनदा उसवलं, तिसऱ्यांदा सुई बोटात घुसली. शेवटी नाइलाजाने त्यांनी छकूला फोन लावला.

छकू आली ती तोंड फुगवूनच. पण गाठोडं उलगडल्यावर तिचा आवाज खाली आला. "किती सुंदर आहे गं हे!" मग दोघी खिडकीशी बसल्या. काकूंनी सांगायचं आणि छकूने सुई चालवायची, असं ठरलं. स्टिअरिंग धरणारे हात ते, टाके पडले बेडकाच्या उड्यांसारखे.

"हे काय, रस्त्यातले खड्डे चुकवत चाललीस की काय?" काकूंनी बोट फिरवून विचारलं.

"तुझ्या प्रभूला चालतील."

"प्रभूला चालतील गं, चष्मेवाल्यांना दिसतील ना!"

दोघी खळखळून हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या. बाहेर ऊन कलत होतं. छकू टाका घालता घालता म्हणाली, "बाबांना भेटायची घाई झालीय ना तुला?"

"झालीय," काकू म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू?"

"आणि मी? माझा तर तुझ्या पाळकांवर विश्वास नाही. त्यांच्या हिशेबाने मी मागे राहणार. मागे राहिलेल्यांचं काय होणार, तेही सांगितलंय त्यांनी." तिने दोरा तोडला. "आणि तू तर आनंदाने दुकान आवरते आहेस."

काकूंच्या काळजात चर्र झालं. लेकीसाठी त्या रोज प्रार्थना करत होत्या, मनापासून. पण आपल्या चेहऱ्यावरचं ते तेज लेकीला कसं दिसत असेल, हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. त्यांनी पुढचा दोरा मेण लावून तिच्या हातात दिला.

सणाच्या सकाळी काकू प्रार्थनागृहात गेल्या. चष्मेवाल्यांच्या सुनेने त्यांना बायकांच्या बाजूला मागच्या बाकावर बसवलं. पुढे पडदा लख्ख पांढरा भासत होता. प्रार्थना कळत नव्हती, पण तिचे चढउतार कळत होते. मग एकदम सगळे गप्प झाले. एका माणसाने मेंढ्याचं शिंग ओठांना लावलं.

पहिला आवाज फुटलाच नाही. नुसती फुसकी हवा. कुणी खाकरलं. त्याने ओठ पुसले, श्वास घेतला आणि पुन्हा फुंकलं.

असा आवाज काकूंनी जन्मात ऐकला नव्हता. कच्चा, रानवट, आणि एखाद्या लहान मुलाने आईला हाक मारावी तसा. त्या उठून उभ्या राहिल्या. डोळे मिटलेले. लांबलचक शेवटचा सूर उठला, वर वर गेला आणि विरला.

काकूंनी डोळे उघडले. पाय जमिनीवरच होते. पुढच्या बाईने बाळाचं टोपडं सारखं केलं. चष्मेवाल्यांची सून वळून हसली आणि म्हणाली, "हे वर्ष तुम्हाला चांगलं जावो."

"तुम्हालाही," काकू कसंबसं म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

समोरच्या फुटपाथवर छकू उभी होती, साध्या कपड्यांत.

"तू? तुझी ड्युटी होती ना आज?"

"बदलून घेतली."

"का गं?"

छकूने खांदे उडवले. "काही झालं असतं तर तू गेली असतीस. पण काही झालं नाही, तर सोबतीला कुणी नको का?"

काकूंना रडू कोसळलं, तेही भर रस्त्यात. नवऱ्यासाठी रडल्या, न आलेल्या दिवसासाठी रडल्या. छकू पाठीवर हात फिरवत राहिली. उमाळा ओसरल्यावर काकूंनी तिचा दंड घट्ट धरला.

"छकू, मला माफ कर. तुला इथे सोडून जायला मी किती खुशीत निघाले होते गं. तुला काय वाटत असेल, हे विचारलंसुद्धा नाही."

"केलं माफ," छकू नाक ओढत म्हणाली. "पण ऑपरेशनला यायचं."

"येईन."

"आणि विश्वास? गेला?"

"छे! तो कुठे जातोय?" काकूंनी पदराने तोंड पुसलं. "प्रभू येणारच. पण आला तर मला दवाखान्यातूनही उचलेल. आणि तुझ्याबद्दल मी त्याच्याशी आधी भांडणार आहे, हे सांगून ठेवते."

पुढच्या रविवारी पाळक उतरल्या चेहऱ्याने उभे राहिले. हिशेबात चूक झाली असेल, कदाचित शरदातल्या पुढच्या, मंडपांच्या सणाला, असं काहीसं ते म्हणाले. मंडळीत कुजबुज सुरू झाली. काही जण रागावून उठलेही. उपासना संपल्यावर काकू त्यांच्याजवळ गेल्या.

"पाळकसाहेब, वाट बघायला तुम्ही शिकवलंत, त्याबद्दल मी ऋणी आहे. पण आता तारीख सांगू नका. सांगितलीत की लोक हातातलं काम टाकतात."

पाळकांनी हातातलं बायबल मिटलं. मग हळूच म्हणाले, "माझ्या आईचं आजारपण आहे हो. तिच्यासाठी मलाच घाई झाली होती." काकूंनी त्यांना जेवायला बोलावलं.

प्रायश्चित्ताचा दिवस उलटला आणि त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी काढली. काकूंनी आधी खिडकीकडे पाहिलं. झाड होतं, झाडाचं एकेक पान वेगळं दिसत होतं. मग त्या छकूकडे वळल्या आणि दचकल्याच.

"अगं बाई! तुझे केस कधी पिकले?"

"केव्हाच," छकू म्हणाली. "तुला दिसत नव्हते म्हणून मी रंगवत नव्हते."

"नको रंगवू," काकू म्हणाल्या. त्यांनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कानशिलाजवळची ती पांढरी बट पुन्हा पुन्हा बघत राहिल्या. "इकडे सरक जरा. अजून नीट बघू दे."