अष्टमीचं पाणी

नामदेवला सिनेमातलं काही कळत नव्हतं. समुद्रातलं मात्र सगळं कळत होतं, आणि ज्याला समुद्रातलं कळतं त्याचं बाकी कशावाचून अडत नाही, असं त्याचं ठाम मत होतं. अशा माणसाने साठीला आल्यावर दर रविवारी दुपारी मांडी घालून लॅपटॉपसमोर बसावं आणि जपानी कार्टून बघावं, याचं नवापूरच्या किनाऱ्यावर सगळ्यांनाच नवल वाटायचं. तोंडावर कुणी बोलत नसे. ज्याची एकुलती एक पोर सव्विसाव्या वर्षी गेली, त्याने रविवारी काय बघावं हे गावाने कशाला सांगायचं?

पोरीचं नाव दिशा. गेल्या माघात रक्ताच्या आजाराने तीन महिन्यांत तिला नेलं. ती बोईसरला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला होती, आणि आता लॅपटॉप घेऊन येणारी हिमानी तिथेच तिच्या शेजारच्या टेबलावर बसायची. मैत्री मात्र त्याआधीची, पालघरच्या कॉलेजातली. हिमानी तारापूरच्या वसाहतीत वाढलेली, दिशा नवापूरच्या होडीवाल्याची. दोघींना एकत्र बांधलं ते जपानमधल्या एका म्हाताऱ्या दिग्दर्शकाने. हा म्हातारा हाताने चित्रं काढून सिनेमे करायचा. उभ्या आयुष्यात त्याने नऊ केले, आणि त्या नवांत पहिला कुठला यावरून या दोघी आठ वर्षं भांडल्या. त्या भांडणाची एक वही होती. डाव्या रकान्यात दिशाचे नंबर, उजव्यात हिमानीचे, आणि मध्ये एकमेकींना घातलेल्या शिव्या.

बाराव्याच्या दिवशी ताट वाढताना कुणीतरी विचारलं होतं, पोरीला काय आवडायचं? नामदेव म्हणाला, बोंबील. पुढे काही सुचेना. पानात वाढायच्या चार गोष्टी जमनाने सांगितल्या, आणि तो बायकोच्या तोंडाकडे बघत राहिला. ते त्याला फार लागलं. सव्वीस वर्षं ज्या पोरीला खांद्यावर, होडीत, मोटरसायकलवर फिरवलं, तिच्या आवडीचं सांगायला गेलो तर बोंबलाच्या पुढे आपली होडी जात नाही!

म्हणून मार्गशीर्षात हिमानी भेटायला आली तेव्हा त्याने तिला सरळ विचारलं, "दिशाला सगल्यात जास्त काय आवडायचं गो?"

"एक पिक्चर आवडायचा, काका. नवांतला एक."

"कंचा?"

"असा नाही सांगणार. नऊच्या नऊ बघा माझ्याबरोबर. तिचा पहिला नंबर शेवटी."

हिमानीच्या मनातलं तेव्हा त्याला कळलं नाही. तिला बडोद्याला नवी नोकरी मिळाली होती आणि तिथे रुजू व्हायला दोन महिने होते. सिनेमे उरले होते तोवर दिशाशी बोलणं उरलं होतं, एवढंच तिचं गणित. पण नामदेवने मनात धरलं की वर्षश्राद्धाच्या आत पोरीचा पहिला नंबर आपल्याला कळलाच पाहिजे. नाहीतर बाप म्हणून ताटापुढे कुठल्या तोंडाने बसायचं?

वहीत तिसरा रकाना आखला गेला. काकांचा.

सिनेमे जपानीत बोलायचे, खाली इंग्रजी अक्षरं पळायची आणि हिमानी त्याचं मराठी करून सांगायची. नामदेव नंबर देत नसे, मासळीचा भाव करावा तसा शेरा द्यायचा. मिठागरातल्या दोन भावंडांचा सिनेमा त्याने पहिल्याच तडाख्यात ढोम्यात, म्हणजे स्वस्तातल्या मासळीत, काढला.

"मिठागरात अवकाळी पाऊस पडला, आन पोरं नाचतात? त्यांच्या बापाला जाऊन विचार. रडत आसंल."

"लहान आहेत हो ती. त्यांना काय कळतंय?"

"म्हाताऱ्याला तर कलायला पायजे!"

रेल्वे फाटकावरच्या मुलीचा सिनेमा त्याला बरा वाटला. जी गाडी वेळापत्रकात नाही तिच्यासाठी ती मुलगी रोज फाटक बंद करते, आणि एक दिवस गाडी येते. "दाढा," नामदेव म्हणाला, म्हणजे वाईट नाही. विणकराचा सिनेमा हिमानीचा पहिला. त्याच्या मागावरचे पक्षी उडून जातात आणि तो रिकामं कापड तसंच विकायला नेतो. हिमानी दर वेळी त्याला रडायची. वहीत त्यासमोर दिशाच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘हिला विणकर देखणा आहे म्हणून आवडतो. सिनेमाशी काही संबंध नाही.’

ते वाचून दाखवताना हिमानी हसली आणि हसता हसता तिचा आवाज गेला. नामदेवने तिच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. "देखना हाय पन," तो म्हणाला. "पापलेट लिव."

असे आठ रविवार गेले. नामदेवला त्या म्हाताऱ्याची सवय झाली, त्याच्या चुका काढण्याचीही गोडी लागली. कधी कधी तो आठवड्याच्या मधेच होडीवर दर्पणला, आपल्या पुतण्याला, फाटकवालीची गोष्ट सांगायचा. जमना मात्र एकदाही समोर बसली नाही. रविवारी दुपारी ती सुकत घातलेल्या मासळीकडे निघून जायची. बाईमाणूस, कामात दुःख विसरते, असं नामदेवने ठरवून टाकलं होतं. स्वतःचं ठरवून मोकळं व्हायची त्याला जुनी खोड होती.

नवव्या रविवारी हिमानी आली. वर्षश्राद्ध दोन दिवसांवर, माघातल्या दशमीला होतं. तिने वही उघडून त्याच्या मांडीवर ठेवली. डाव्या रकान्यात, एक या आकड्यापुढे दिशाने लिहिलं होतं, ‘बाबांचा.’

"माजा? माजा कंचा पिक्चर?"

"तुम्ही उठून गेला होतात तो, काका."

मग त्याला आठवलं. सात वर्षं झाली असतील. दिशाने त्याला बळेच बसवलं होतं. सुरुवातीलाच पडद्यावर एक मोडकी होडी वाळूत फार वर उभी, आकाशात अर्धा चंद्र, आणि पाणी असं चढत येतंय की घराच्या उंबऱ्याला लागलं. नामदेवने मांडीवर थाप मारली होती. "अर्धा चंद्र म्हंजे अष्टमी. अष्टमीला भांग. भांगाचं पानी उंबऱ्याला येतं काय कुटं? ह्या म्हाताऱ्यानं समुद्र पायलेलाच नाय!" भांग म्हणजे महिन्यातले भरतीला जोर नसलेले दिवस, हे नवापूरचं शेंबडं पोरही सांगेल. दिशा म्हणाली होती, पुढे बघा तरी, बाबा. पण हा उठला आणि जाळं शिवायला गेला. पाच मिनिटंही बसला नव्हता.

"रागावली व्हती माज्यावर?" त्याने विचारलं.

"नाही हो. हसायची. म्हणायची, बाबा बघतील एक दिवस. नाहीच बघितला तर मीच त्यांना विचारीन, बघू काय सांगतात."

"काय इचारनार व्हती?"

"बघा ना आता," हिमानी म्हणाली आणि तिने सिनेमा लावला.

मोडकी होडी, अर्धा चंद्र, उंबऱ्याला लागलेलं पाणी. या वेळी नामदेव हलला नाही. मग सिनेमा मागे गेला. एका बेटावर एक होडी बांधणारा सुतार आणि त्याची लहान पोर. तिच्या आईची होडी वादळाने वर वाळूत नेऊन टाकलेली, आणि इतक्या वर पाणी कधीच येत नाही. पोरीला त्या होडीतून जायचंय. कुठे, ते सिनेमा सांगत नाही. रोज संध्याकाळी ती बापाला विचारते, आज तिथी कोणती? बाप खरा माणूस. चंद्र बघून जी असेल ती सांगतो आणि म्हणतो, आज पाणी नाही चढायचं. पोर ‘बरं’ म्हणते. ती मोठी होते, होडीची एकेक फळी बदलते, आणि विचारणं काही सोडत नाही.

नामदेव लॅपटॉपकडे सरकला. "थांब. ती तिथी इचारते? जपानात तिथी हाय?"

"खाली ‘चंद्र कितवा’ असं लिहिलंय. तिथी हा दिशाचा शब्द. ती म्हणायची, आमच्यात चंद्र नाही विचारत, तिथी विचारतात. तेव्हापासून आम्ही दोघी तिथीच म्हणतो."

शेवटी सुतार म्हातारा झाला. पोर उंबऱ्यात बसलेली, फार दमलेली. आकाशात अर्धा चंद्र. तिने विचारलं. बाप चंद्राकडे कितीतरी वेळ बघत राहिला, आणि हिमानीने हळूच सांगितलं, "तो म्हणतो, आज पाणी चढेल."

आणि पाणी चढलं. चंद्राला न विचारता चढलं, बापाने सांगितलं म्हणून चढलं. उंबऱ्याला लागलं, होडी हलली, पोर तिच्यात बसली. बाप गुडघाभर पाण्यात उभा राहून होडीला हात लावत होता, मग हात सुटला.

नामदेवला ती होडी दिसलीच नाही. त्याला इस्पितळातली खोली दिसत होती. गेल्या माघातली दुपार, दिशा भिंतीला टेकवून बसवलेली, ओठ सुकलेले, पायथ्याशी जमना मोसंबी सोलत होती. दिशाने डोळे उघडून विचारलं होतं, "बाबा, आज तिथी कोणती?"

त्याला वाटलं होतं, पोरीला आपल्या धंद्याची काळजी. होडी खोळंबली, जाळी सुकली, बाप इथे अडकला, असं तिच्या मनात आलं असेल. म्हणून त्याने तिला धीर दिला होता. चांगली बातमी सांगावी तसं तो म्हणाला होता, "अष्टमी हाय गो. भांग. पानी नाय चढायचं आज. होड्या सगल्या किनाऱ्यालाच. मी हितंच हाय, कुटं नाय जात."

दिशा ‘बरं’ म्हणाली होती. हसलीही होती थोडी. तिसऱ्या दिवशी गेली.

सिनेमा संपून नावं वर सरकत होती. हिमानी डोळे पुसत म्हणाली, "काका, कितवा लिहू?"

या पोरीला सांगावं असं एकदा नामदेवच्या ओठांवर आलं. पण ती उद्याच बडोद्याला निघालेली, तिच्या उरावर आणखी हे कशाला? "लिव," तो म्हणाला. "पयला. तिचा तोच माजा."

हिमानीने लिहिलं आणि वही त्याच्याच मांडीवर ठेवली. ती वाकून पाया पडली, तेव्हा त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढलाच नाही. रिक्षावाल्याने बाहेरून दोनदा भोंगा वाजवला. "मॅडम, चलना है क्या?" मग ती गेली.

तो किनाऱ्यावर आला तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. आजही अष्टमीच होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. आठाचे सहा, म्हणजे सहाला भरती आणि तीही भांगाची. भांगाच्या दिवसांत बायका खालच्या वाळूपर्यंत जुनी जाळी पसरून मांदेली सुकत घालतात, कारण पाणी तिथवर येतच नाही. जमना तिथे वाकून मासे उलटे करत होती.

तो तिच्यामागे जाऊन उभा राहिला. "जमना, वर घे ही मासली. आज पानी चढल."

जमनाचा हात थांबला. समुद्राकडे तिने पाहिलं नाही, त्याच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं होडीवाल्याच्या घरात काढलेल्या बाईला अष्टमीचं पाणी शिकवायला नको होतं.

"बगितला तुमी," ती म्हणाली.

"तुला ठावं व्हता?"

"चारदा दाखवला मला तिनं. मोसंबी सोलीत व्हती तवाच समाजलं मला, ती काय इचारते ते."

"मग बोलली का नाय? तितंच मला का नाय सांगितलंस?" त्याचा आवाज चढला.

"तोंड उगडलं व्हतं मी. तुमी मदी बोललात. आन मग ती हसली." जमनाने पदराने हात पुसले. "मागनं सांगून काय व्हनार व्हतं? एक वरीस मी एकटीनं वागवलं, तेवडं पुरं व्हतं. तुमाला कशाला द्यायचं?"

नामदेव वाळूत मटकन बसला. साठीचा, चार वादळं पाहिलेला माणूस, चारचौघांदेखत लहान पोरासारखा रडला. शेजारच्या जाळ्यांवरच्या बायकांनी माना वळवल्या आणि पुन्हा आपापल्या कामाला लागल्या. जमना उभीच होती. मग तिने वाकून जाळ्याचं एक टोक उचललं.

"उठा," ती म्हणाली. "ती बाजू धरा. पानी चढल म्हनलात ना?"

त्याने दुसरं टोक धरलं. भरलेलं जाळं दोघांनी ओढत ओढत वर, घराच्या उंबऱ्यापर्यंत आणलं. शेजारच्या जाळ्यावरून मंगलाने ओरडून विचारलं, "काय गो जमना, अष्टमीला मासली वर?"

"हां," जमना म्हणाली, "आमच्याकडं चढतं."

सहाला पाणी आलं. भांगाच्या खुणेला टेकलं आणि तिथूनच परत फिरलं. दोघं उंबऱ्यात बसून बघत होती.