एकशे पंचवीस पौंड

आमच्या कॉलेजातली कुस्ती एका ईमेलने मेली, मार्चमधल्या एका मंगळवारी. कॉलेजांना आपल्या कमाईतला वाटा खेळाडूंना द्यायची मुभा मिळाली होती. दिला नाही तर चांगली पोरं दुसरीकडे जाणार. कमाई म्हणजे अमेरिकेतलं ते धडकाधडकीचं फुटबॉल, तेव्हा पैसा तिकडे आणि कात्री आमच्यावर. फुटबॉलच्या पोरांवर माझा राग नाही. वर्षानुवर्षं त्यांच्या घामावर बाकीचे गब्बर झाले, त्यांना त्यांचं मिळालंच पाहिजे. पण कुस्तीची दहा पोरं एका ईमेलने वाऱ्यावर सोडली, हे मला अजून पचलेलं नाही.

मी त्या पोरांची ‘डॉक’. डॉक्टर नव्हे, पट्ट्या बांधणारी, निखळलेले खांदे बसवणारी, वजनांवर नजर ठेवणारी. दुसऱ्याच दिवशी मला फुटबॉलकडे पाठवलं. नऊ जण दुसऱ्या कॉलेजांत नाहीतर घरी गेले. एमेट वॉसबर्ग तेवढा राहिला, कारण पदवीला एकच वर्ष उरलं होतं. एकशे पंचवीस पौंडांच्या गटातला, आमचा सगळ्यात लहानखुरा पैलवान. त्याने कुस्तीच्या खोलीची किल्ली मागितली आणि मी दिली. गाळू दे बिचाऱ्याला घाम, म्हटलं. चूक तिथेच झाली.

ऑक्टोबरात डॅरियस माझ्याकडे आला. फुटबॉलच्या पुढच्या फळीतला, तीनशे दहा पौंडांचा, मनाने लोणी. वाट्याचा पहिला हप्ता त्याने जसाच्या तसा आईला पाठवला होता.

“डॉक, तुमचा तो कुस्तीवाला बघितलात का? शर्ट खुंटीला टांगल्यासारखा दिसतो त्याच्या अंगावर.”

“वजन उतरवत असेल.”

“कशाला? टीम कुठाय?”

मी जेवण तसंच टाकून निघाले. डॅरियस मागोमाग दारापर्यंत आला.

खोलीत चटया गुंडाळून ठेवलेल्या होत्या. एमेट चड्डीवर काट्यावर उभा होता. बरगड्या लांबूनही मोजता येत होत्या. काट्यावर आकडा होता एकशे पंचवीस पूर्णांक आठ.

“आठ दशांश जास्त, डॉक,” तो म्हणाला. “महिनाभर हेच. कितीही उतरवा, आठ दशांश जास्तच!”

मी काटा तपासला. व्यायामाची पन्नास पौंडांची लोखंडी तबकडी ठेवली, पन्नासच दाखवले. मी स्वतः चढले. माझे एकशे बासष्ट, मला नको होते तेवढे, पण खरे. एमेट चढला, की पुन्हा एकशे पंचवीस पूर्णांक आठ.

“आरशात बघ जरा. तू एकशे पंचवीस असशील तर मी बॅले नाचते.”

तो हसला. “ती पोरं करतायत हो. मागून पाय टेकवतात. तुम्हाला माहितीये की.”

माहीत होतं. कुस्तीवाल्यांची ही जुनी खोडी. एखादा काट्यावर चढला, की मागच्याने हळूच अंगठा टेकवायचा आणि आकडा बघून पुढच्याची कशी तंतरते याची मजा बघायची. हंगामात मी शंभरदा ओरडायचे. आता त्याच्या मागे नुसती भिंत होती. तरी सवयीने तोंडातून निघून गेलं, “पाय काढा रे, गाढवांनो.”

आकडा उतरला. एकशे तेवीस. थांबला. एकशे एकवीस. पुन्हा थांबला. रमतगमत, एकेक जण नाइलाजाने बाजूला होत असावा तसा. मी मोजलं. नऊ वेळा. शेवटी एकशे चारवर स्थिर झाला.

एमेटने मागे वळून पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. “घालवलंत त्यांना,” तो म्हणाला आणि जागच्या जागी कोसळला. डॅरियसने त्याला उचलून माझ्या गाडीत घातलं.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. पोटात अन्न गेलं नाही, तर हृदय दगा देईल. सलाईन लावली की तो उपटून टाकी, ताट आणलं की ढकलून देई. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं.

“वजन झालं, एमेट,” मी म्हटलं. “एकशे चार. बसतोस गटात. आता खायचं.”

“टीमला सोडून?”

आमच्याकडे वजनं झाली की सगळे एकत्र जेवतात. शेवटच्याचं वजन होईपर्यंत कुणी घासाला हात लावत नाही. ही शिस्त मीच लावली होती, आणि त्याचा मोठा तोराही मिरवला होता.

“ते गेले, बाळा. कुणी कॅन्ससला, कुणी घरी.”

“मग मी नाही खाणार.”

तासभर मी समजावलं, शिव्या घातल्या, रडले. त्याने तोंड फिरवलं ते फिरवलंच. त्याचे ओठ निळसर दिसायला लागले होते. शेवटी मी उठले, दार लावलं आणि लाज गुंडाळून ठेवून त्या रिकाम्या खोलीत ओरडले, “या रे सगळे! वजनं झाली. जेवायला बसा.”

एमेट पलंगाच्या कडेला सरकला. थोड्या वेळाने आणखी थोडा सरकला. मग त्याने पाय पोटाशी घेतले, कुणाकडे तरी पाहून हसला आणि चमचा उचलला. कुस्करलेल्या बटाट्याचा पहिला घास त्याच्या घशाखाली गेला, तेव्हा मला हुंदका आवरेना.

नर्स आत आली. ताट निम्मं रिकामं बघून खूश झाली. “किती वेळ उभ्या आहात! बसा ना पलंगावर, एवढी जागा आहे.”

मी उभीच राहिले. जागा नव्हती.