तांबड्याचा पट्टा

आमच्या घरात कुत्र्याचे गोचीड काढायचं काम माझं, आणि त्यात माझा हात कुणी धरणार नाही. दर सोमवारी दुपारी तांबड्याचं डोकं मांडीवर घ्यायचं, कानांच्या घड्या, बोटांच्या बेचक्या, शेपटीखालची जागा चाचपायची. गोचीड चिमट्यानं तोंडापाशी धरून सरळ ओढायचा आणि साबणाच्या पाण्यात टाकायचा. नखानं चिरडायचा नाही, हे मी वस्तीवर इतकं सांगितलंय की मला पाहून बायका आपली कुत्री लपवतात.

म्हणून तांबड्यानं भाकरीकडे पाठ फिरवली, त्याच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या आणि माळशिरसच्या जनावरांच्या डॉक्टरांनी नेमका गोचीड ताप सांगितला, तेव्हा मला रागच आला. इंजेक्शन, गोळ्या देऊन त्यांनी बजावलं, अंगावर गोचीड राहिले तर ताप पुन्हा उलटेल आणि कुत्रं हातचं जाईल. एकही नाही, मी ठणकावून सांगितलं. त्यांनी नुसतं गळ्याकडे बोट केलं.

गळ्यात पट्टा होता. मेंढीच्या लोकरीचा, कवड्या शिवलेला, माझ्या सासऱ्यांनी, भीमामामांनी, स्वतः वळलेला. आम्हा मेंढपाळांच्या घरी तो दसऱ्याला बांधतात आणि पुढच्या दसऱ्यालाच उतरवतात. मधेच उतरवला तर त्या कुत्र्याला लांडगा नेतो, असं मामा मानतात. त्यांच्या लहानपणी एक कुत्रा तसा गेलाही होता. त्यामुळं पट्ट्याखाली मी कधी बोटच घातलं नव्हतं.

घरी येऊन मी कात्री काढली. मामा तांबड्याशेजारी येऊन बसले. ते नाही म्हणणार असं धरून मी भांडायच्या तयारीतच होते. तेवढ्यात त्यांनी हात पुढं केला.

"आण कात्री. मीच बांदलाय, मीच काडतो."

पट्ट्याखाली ज्वारीच्या दाण्यांसारखे गोचीड चिकटले होते. मामांनी तांबड्याचं डोकं धरलं. मी एकेक उपटला, जखमा धुतल्या, डॉक्टरांनी दिलेलं औषध लावलं, तांबड्या झोपायचा ते गोणपाटही जाळलं.

संध्याकाळी मामा घोंगडं, काठी आणि तांबड्याला घेऊन मेंढ्या रात्री कोंडतात त्या वाडग्याकडे निघाले. कुत्र्याला घरातच ठेवू म्हटलं, तर म्हणाले, त्याला मेंढरांशिवाय करमत नाही.

"आजवर त्यानं माजी राकण केली. आता गळ्यात पट्टा न्हाय, तवर मी त्याची करतो."

मी रोज संध्याकाळी फडक्यात दोन भाकरी बांधून देऊ लागले, एक मामांना, एक तांबड्याला. तांबड्याची भाकरी रोज परत यायची. मग एका सकाळी फडकं रिकामं आलं. दोन्ही तुम्हीच खाल्ल्या का, मी विचारलं.

"माजी बी त्यानंच खाल्ली की," मामा म्हणाले.

जखमा भरल्यावर त्यांनी नवा पट्टा वळला. त्याला गाठीऐवजी आपल्या सदऱ्याचं बटण लावलं.

आता दर सोमवारी मी ते बटण काढते आणि खालची मान बघते. तेवढा वेळ मामा काठी घेऊन शेजारी उभे राहतात.