सात वर्षांचं माप

तिने स्टुलावर चढून खुंटीवरचा फ्रॉक काढला, खिडकीच्या उजेडात धरला आणि काखेत बोट घातलं. बोट आरपार बाहेर आलं.

दुसऱ्या काखेतही तेच. पाठ मानेपासून कमरेपर्यंत गेलेली. काल संध्याकाळी तिने हा फ्रॉक इस्त्री करून आतल्या खोलीत टांगला होता आणि दाराला बाहेरून कडी घातली होती. कडी तशीच होती. खिडकीला गज. मांजर आत शिरण्याचीही सोय नव्हती, आणि मांजर काही दुहेरी टीप उसवत बसत नाही.

या वेळी तिने टीप मुद्दाम दुहेरी मारली होती, तीही जाड दोऱ्याने. मनात कुठेतरी हट्ट होता की बघूच आता कशी फाडतेस. शिवण धरून राहिली होती खरी. तिच्या शेजारचं कापडच गेलं होतं.

ती रडली नाही. रडून रडून त्याचाही कंटाळा आला होता. फ्रॉक घडी करून तिने बाहेरच्या खोलीतल्या पलंगाखालच्या पेटीत ठेवला, आधीच्या अकरा फ्रॉकांवर, आणि पेटी पायाने आत सरकवली. उद्या सकाळी धाकटी बहीण टेम्पो घेऊन येणार होती. घर सुटणार होतं.

मुलीला सगळे बटण म्हणायचे. दिवसभर आईच्या बटणांच्या डब्यात हात घालून बसायची, म्हणून बटण. टेलरबाईची मुलगी, पण अंगात कायम गेल्या वर्षीचा फ्रॉक. गिऱ्हाइकांचं आधी, घरचं मग, हा धंद्याचा नियमच. "माझा कधी?" असं तिने विचारलं की आईचं उत्तर ठरलेलं, "उद्या." सातव्या वाढदिवसाचा फ्रॉकही असाच उद्यावर गेला. माप तेवढं घेऊन झालं होतं. शाळा उघडायचे दिवस, चाळीस युनिफॉर्म डोक्यावर, आणि त्याच आठवड्यात बटणला ताप भरला. अंग दुखतंय, म्हणाली. आई म्हणाली, एवढ्या बाह्या लावून होऊ देत, मग जाऊ डॉक्टरकडे. बाह्या लावून होईपर्यंत दुसरा दिवस उजाडला. डॉक्टर म्हणाले, काल आणायला हवं होतं. ते एवढंच म्हणाले, पण तिला जन्मभर पुरलं.

पुढच्या वाढदिवसाला तिने तो राहिलेला फ्रॉक शिवला आणि बटणच्या खोलीत टांगला. ती खुंटी नवऱ्याने ठोकली होती. तो ताडमाड माणूस, स्वतःच्या हाताला येईल तिथे ठोकून मोकळा झाला आणि मुलगी रांगायला लागायच्या आतच जगातूनही मोकळा झाला. तेव्हापासून ती स्टूल घेऊन चढायची. सकाळी पाहिलं तर फ्रॉक काखेत इंचभर उसवलेला. तिला वाटलं, आपलीच टीप सैल पडली. पुढच्या वर्षी नवा शिवला. तोही उसवला, आणि जास्त उसवला.

मग बाकीचंही सुरू झालं. भर दुपारी ती स्वयंपाकघरात असली की बाहेर मशीनचं चाक अर्धा फेरा फिरायचं आणि थांबायचं. बटणांचा डबा कुणीतरी चाळल्यासारखा वाजायचा. वरच्या मजल्यावरचं जोडपं तीन महिन्यांत सामान उचलून गेलं. गिऱ्हाइकं ट्रायल घ्यायला आत यायची बंद झाली. दारातूनच कापड द्यायची, दारातूनच न्यायची, आणि आत न बघता बोलायची. बहिणीने तर एकदा फाटलेला फ्रॉक पाहिला आणि त्या दिवसापासून या घरात पाणीसुद्धा प्यायली नाही.

लोकांना काय वाटायचं ते वाटो. तिला मात्र पक्कं ठाऊक होतं, बटण रागावलीय. रागवायचा हक्कच होता तिचा. जिवंतपणी फ्रॉक दिला नाहीस, आता कशाला देतेस, असं म्हणून फाडते. ती मुकाट्याने दर वर्षी शिवत राहिली. कधीतरी एखादा फ्रॉक धड राहील, म्हणजे पोरीने आपल्याला माफ केलं, एवढ्या आशेवर बारा वर्षं काढली. पण काल-परवा तिचाच धीर सुटला. हाही फाटला तर येते तुझ्याकडे, असं तिने बहिणीला सांगून टाकलं होतं. आपलं लेकरू आपलं तोंड बघायला तयार नाही, तर त्याच्या घरात तरी का अडून बसायचं.

दुपारी मास्तर आले. पंचाहत्तरी उलटलेले कटिंग मास्तर. वयाच्या सोळाव्या वर्षी तिच्या हातात कात्री यांनीच दिली होती. मशीन त्यांच्या दुकानात जाणार होतं.

"चहा तरी टाक. जाता जाता तुझा पाणचट चहा पिऊन घेतो."

"साखर?"

"डॉक्टर नको म्हणतात. दोन चमचे टाक."

ती आत गेली. मास्तरांनी मशीनचा पट्टा उतरवला, गुंडाळून खिशात ठेवला आणि वरचं डोकं सोडवायला घेतलं. मग हाक मारली.

"अगं, गुंडाळायला काही जुनं कापड आहे का?"

तिला वाटलं, ते चादर मागताहेत. "पलंगावर आहे बघा," ती आतूनच म्हणाली. म्हाताऱ्याच्या हाताला पलंगावर काही लागलं नाही, म्हणून त्याने पलंगाखाली हात घातला.

ती चहा घेऊन बाहेर आली तेव्हा पेटी उघडी होती आणि मास्तर फरशीवर मांडी घालून बसले होते. मांडीवर आजचा फ्रॉक. चष्मा कपाळावर ढकललेला, आणि अंगठा फाटलेल्या कडेवरून फिरत होता.

तिने चहा मास्तरांच्या बाजूला ठेवला.

"ते ठेवा, मास्तर. कापड नाही ते."

"दिसतंय मला काय आहे ते." त्यांनी वर पाहिलं नाही. "कानावर आलं होतं माझ्या. ती फाडते म्हणे."

"हो."

"कोण म्हणतं?"

"कोण म्हणायला कशाला हवं? दर वाढदिवसाला नवा टांगते, दुसऱ्या दिवशी असा मिळतो. रागावलीय ती माझ्यावर. मी होतेच तशी."

मास्तरांनी फ्रॉक उलटा केला. दुकानात नवख्या पोरींची कामं तपासताना बसायचे तसेच बसले होते, आणि तिलाही उगाच पन्नाशीत सोळाव्या वर्षी व्हायचं तसं अवघडल्यासारखं झालं.

"बाकीचे काढ," ते म्हणाले. "ओळीने लाव. पहिला इकडे."

"कशाला?"

"सांगतो ते कर."

तिने एकेक फ्रॉक काढून फरशीवर मांडला. कुठल्या वर्षाचा कुठला, हे तिला बघावंही लागत नव्हतं. पिवळा पहिला, मग ठिपक्यांचा, मग निळा. बाराही एकाच आकाराचे, भिंतीपासून दारापर्यंत. मास्तर गुडघ्यांवर सरकत पहिल्यापासून शेवटपर्यंत गेले. पिवळ्याची काख इंचभर उसवलेली. ठिपक्यांच्या दोन्ही काखा. निळ्याचा खांदा. पाचव्यापासून पाठ सुटायला लागलेली, आठव्याची कंबर, आणि शेवटचा तर नुसता लोंबत होता.

"मागची बटणं तू उघडी ठेवून टांगतेस?"

"हो."

"मग या पहिल्या चारांची वरची बटणं कुणी लावली?"

तिने वाकून पाहिलं. पिवळ्याची तिन्ही लावलेली होती. ठिपक्यांच्याची दोन. निळ्याचं मानेजवळचं एक, तेही ताणून. चौथ्याचं काज फाटलं होतं. तिथून पुढे एकही नाही. बारा वर्षं तिची नजर फाटलेल्या जागेवर जायची आणि तिथूनच मागे फिरायची. बटणं तिने पाहिलीच नव्हती.

मास्तर धापा टाकत स्टुलावर बसले.

"हे बघ, भूतबित मला कळत नाही. मला कपडा कळतो. रागाने फाडणारा माणूस पुढून धरतो आणि ओढतो, नाहीतर घेर टराटरा फाडतो. तुझ्या एकाही फ्रॉकच्या घेराला बोट लागलेलं नाही. काखेत, खांद्यात, पाठीत कपडा कधी जातो?"

ती ओळीतल्या फ्रॉकांच्या खांद्यांकडे बघत राहिली.

"कधी जातो? शिकवलंय मी तुला."

"लहान झाला की," ती म्हणाली. "घालताना."

"मग?" मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि काचेखालून हळूच डोळा पुसला. "माप चुकलंय तुझं, पोरी. एवढंच झालंय. दुनियेला सांगतेस, मुलं वाढतात, दोन बोटं जास्त ठेवू. आणि स्वतःच्या मुलीला बारा वर्षं एकच माप?"

ती फरशीवर बसली. तिला शेवटच्या फ्रॉकची दुहेरी टीप आठवली. आपण जाड दोरा भरला, दात ओठ खाऊन दोनदा टीप मारली, आणि आत ही पोर अंग चोरून, श्वास रोखून, एवढ्याशा बाहीत हात घालत होती. आईने शिवलाय, म्हणून. नाही म्हणता येईना, म्हणून. दर वर्षी. ती फाडत नव्हती, ती घालून बघत होती, आणि सकाळी आई तिलाच रागीट ठरवत होती. ती तोंडावर पदर दाबून रडायला लागली. मास्तरांनी तिला रडू दिलं. चहा गार झाला तरी तो त्यांनी संपवला.

उठताना त्यांनी खिशातला पट्टा काढला, मशीनचं डोकं पुन्हा बसवलं आणि पट्टा चढवून चाक फिरवून पाहिलं.

"तेल घाल जरा," दारातून ते म्हणाले. "कुरकुरतंय."

ते गेल्यावर फोन वाजला. बहीण होती.

"ताई, टेम्पोवाल्याला दहाची वेळ देऊ ना?"

"नको."

"मग अकरा?"

"टेम्पोच नको. काम आलंय."

"आता? कुणाचं?"

"घरचं आहे."

"ताई, बरी आहेस ना गं?"

"बरी आहे. ठेवते."

तिने तोंड धुतलं. मापाची जुनी वही काढली. बटणचं पान उघडायला शोधावं लागलं नाही, वही आपोआप तिथेच उघडायची. खांदा दहा, छाती तेवीस, उंची पंचवीस. तिने त्याखाली एक रेघ मारली. टेप गळ्यात घालून, पेन्सिल कानावर ठेवून ती आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

खोलीत दुपारचं ऊन अर्ध्या फरशीपर्यंत आलं होतं. काय बोलावं ते तिला कळेना. मग ती जे सगळ्या गिऱ्हाइकांना म्हणायची तेच म्हणाली.

"ये. ताठ उभी राहा. पोट आत घेऊ नकोस, नंतर घट्ट होतो."

सवयीने ती खाली वाकली आणि टेप आपल्या कमरेएवढ्या उंचीवर धरली. तिथे खांदा असायचा. हात सोडला तर टेप फरशीवर पडली. तिने ती उचलली, सरळ उभी राहिली आणि स्वतःच्या खांद्याच्या रेषेत धरली. टेप तिथूनही घसरून खाली आली.

आपल्याला वेड लागलंय, असं तिला वाटलं. दार उघडून बहिणीला फोन करावा, दहा तर दहा. तिने टेप गोळा केली. मग तिची नजर खुंटीवर गेली. स्टूल बाहेर राहिलं होतं. खुंटी उंच होती, बापाच्या हाताची.

"बापावर गेलीस काय गं," ती पुटपुटली, आणि टाचा उंचावून हात आणखी वर नेला.

टेप पडली नाही.

तिने हळूच बोटं सोडली. टेपचं टोक हवेत तिच्या कपाळाच्या वर ठरून राहिलं होतं, आणि टेप सरळ खाली लोंबत होती, जराही न हलता. ट्रायलच्या वेळी शहाणी मुलं श्वास धरून उभी राहतात तशी. तीस वर्षांची सवय होती, हातांनी आपलं काम केलं. खांदा. छाती. बाही. कंबर. पाठीमागून टेप फिरवताना बोटांना थोडी ऊब लागली. प्रत्येक आकडा ती मोठ्याने म्हणत होती आणि वहीत लिहीत होती.

"एवढी मोठी झालीस," ती म्हणाली. "आणि मला मेलीला दिसलंच नाही."

पानाच्या शेवटी रकाना होता, कपडा देण्याची तारीख. तिथे तिने आजची तारीख घातली.

कपाटात स्वतःसाठी कधीतरी घेतलेलं हिरवं कापड होतं, न शिवलेलं. ते तिने टेबलावर पसरलं, सुरकुती काढली आणि खडूने आखायला घेतलं. बाहेर बटणांचा डबा एकदा वाजला. "घे शोधून तुला हवी ती," ती मान वर न करता म्हणाली. कात्री लावण्याआधी तिने दोन्ही बाजूंना दोन बोटं कापड जास्त ठेवलं. एकोणिसाव्या वर्षी कुणी वाढत नाही, हे तिला माहीत होतं. तरी ठेवलं.